नैवेद्याचं दळण

गिरणी घरघरत होती, पण रांगेतली एकही बाई डबा पुढे सरकवेना.

“आज देवीच्या आरतीला दिसली नाहीस. कावळा शिवलाय ना?” पाटलीणबाईंनी विचारलंच. “मग आमचं नैवेद्याचं दळण विटाळायचं होय?”

शेवंताला खोटं बोलवेना. सासूच्या मनाविरुद्ध तिनं गिरणी घातली, त्याला जेमतेम आठ दिवस झाले होते.

तेवढ्यात बायका बाजूला सरल्या. कोणीतरी सासूलाच बोलावून आणलं होतं. आत्याबाईंच्या सोवळ्याचा गावात दरारा. अशा दिवसांत त्या सुनेची सावलीही अंगावर पडू देत नसत. आज सकाळी चहाची कपबशीसुद्धा त्यांनी लांबूनच सरकवली होती. आता गिरणीला कुलूप लागणार!

आत्याबाईंनी पदराखालून डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

“अष्टमीच्या पुरणपोळीचे गहू आहेत. बारीक दळ.”

शेवंतानं गहू ओतले. पीठ उडून तिच्या गालावर बसलं. पाटलीणबाईंकडे बघत आत्याबाईंनी ते पदरानं पुसलं. अशा दिवसांत त्या सुनेला अठरा वर्षांत पहिल्यांदाच शिवत होत्या.