बुवांची अक्कलदाढ

“आ करा, बुवा. आणखी मोठा.”

गेल्या गुरुवारी याच तोंडाने त्यांनी भर कीर्तनात माझा बाप काढला होता. “आपले दातांचे डॉक्टर म्हणतात, माणूस माकडापासून झाला. त्यांच्या वडिलांना मी पाहिलंय, म्हणून मला पटतं!” सगळा मंडप हसला. माझी आई अर्ध्या कीर्तनातून उठून घरी आली. वडिलांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

आज बुवांचा जबडा बधिर होता आणि पक्कड माझ्या हातात होती. मी सावकाश बोललो. “माणूस शिजवलेलं मऊ खायला लागला, तसा पिढ्यान्‌पिढ्या त्याचा जबडा लहान होत गेला. अक्कलदाढेला जागाच उरली नाही. देवाने घडवलं असतं, तर जागा ठेवून घडवलं असतं. काय?”

“आं… आं…” बुवांना एवढंच जमलं. मला इतकं गार वाटलं की तेच सगळं मी पुन्हा सांगितलं.

दाढ भक्कम निघाली. काढताना मला घाम फुटला. बुवा कापूस चावत बसले. दाराशी कुबड्यांवर उभी असलेली त्यांची मुलगी आत आली आणि ट्रेमधल्या दाढेकडे बघत राहिली.

“शाळेतल्या तुमच्या व्याख्यानाला मी आले होते,” ती म्हणाली. “निसर्गात दुबळे टिकत नाहीत, असं म्हणालात तुम्ही. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांचं कीर्तन होतं.”

मी हातमोजे काढू लागलो.

“ही दाढ दुबळी होती का, डॉक्टर? की तिला कुणी जागाच दिली नाही?”