मोरावळ्याची बरणी

शेवंताने पिशवीतली मोरावळ्याची बरणी डॉक्टरांपुढे ठेवली आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "रोज देतीय यास्नी, गोळी बाधू नये म्हणून."

डॉक्टरांनी बरणी हलकेच बाजूला सारली. "बाई, अंगदुखीच्या गोळ्यांनी दोन्ही किडन्या गेल्यात. आवळ्याने ते थांबत नसतं."

दिवसभर यंत्रमागावर उभं राहून नवऱ्याची कंबर भरून यायची, तरी किडनीच्या धास्तीने तो अर्ध्या गोळीवर भागवायचा. मग शेवंताच्या कानावर आलं, पोटात आवळा असला की गोळीचं विष उतरतं. दर थंडीत ती बरणी भरू लागली. गोळीआधी चमचाभर मोरावळा त्याच्या तोंडात घालून म्हणायची, "आता खुशाल घ्या." अर्धीची एक झाली, एकीच्या दोन झाल्या.

बाहेर आल्यावर तिला हुंदका आवरेना. त्याने सुजलेला हात तिच्या पाठीवर ठेवला.

"रडू नगंस. तुझा आवळा हुता म्हणून इतकी वर्षं तरलो. न्हाईतर कवाच गेलो असतो."

आवळ्याच्या भरवशावरच गोळ्या वाढल्या, हे तिच्या ओठांवर आलं. पण त्याच्याजवळ आता तेवढाच आधार उरला होता. पदराने डोळे पुसत तिने मान डोलावली.