साबणबाईंचा नळ

नवजात बाळांच्या खोलीबाहेर साबणबाई हात धूत होत्या आणि दाराशी उभी असलेली शिकाऊ नर्स धांदल त्यांच्या हातांकडे टक लावून बघत होती. ज्या बाईंनी सकाळी आपल्याला अख्ख्या वर्गासमोर पाच वेळा हात धुवायला लावले, त्या स्वतः कसे धुतात, हे बघायचा मोह कुणाला सुटेल?

नर्सिंगच्या पोरींना हात धुवायला शिकवण्यात बाईंची हयात गेली होती. साबणबाई हे नाव पोरींनी ठेवलेलं. धांदल हे नाव मात्र बाईंनी ठेवलं, आजच सकाळी. पोरगी नखं, अंगठे, बेचक्या सगळं झकास घासायची आणि शेवटी धुतलेल्या हातानेच नळ बंद करून मोकळी व्हायची. घरी पाणी दोन मजले खालून भरून आणायचं; नळ वाहता राहिला की तिचा जीव वर-खाली होई.

"मळक्या हाताने उघडलेला नळ तो," बाई म्हणाल्या होत्या. "एवढं घासून शेवटी मुसळ केरात. कागदाने हात पूस, त्याच कागदाने नळ बंद कर. हं, दाखव हात. उलटे कर." पाचव्यांदा जमलं, तेव्हा कुठे तिला वॉर्डात पाठवलं. पुन्हा चुकलीस तर वॉर्ड बंद, हेही वर बजावलं.

आत बाईंची नात होती. लेकीची मुलगी, आठव्या महिन्यातच आलेली, जेमतेम दीड किलोची. दहा दिवस बाईंनी तिला काचेतूनच पाहिलं होतं. आज पहिल्यांदा हातात घ्यायची परवानगी मिळाली होती.

बाईंनी अंगठे घासले, बेचक्या घासल्या, मनगटं धुतली. तेवढ्यात आतून लेकीचा आवाज आला, "आई, ये लवकर. डोळे उघडलेत बघ तिने."

बाईंनी झटकन नळ बंद केला. नुसत्या हाताने. आणि त्या दाराकडे निघाल्या.

धांदलने ते पाहिलं. पाहिलंच नाही, असं म्हणता आलं असतं. नात त्यांची, आणि वॉर्डात कुणाला ठेवायचं हे ठरवणाऱ्याही त्याच. पण मघाशी तिनेच त्या बाळाचं वजन लिहून घेतलं होतं. त्याचं पाऊल तिच्या अंगठ्याएवढं होतं.

ती दारात आडवी उभी राहिली.

"बाई, नळ."

"काय?"

"नळ हाताने बंद केलात." तिचा आवाज तिलाच जेमतेम ऐकू आला. "पुन्हा धुवावे लागतील."

आतली सिस्टर लिहिता लिहिता थांबली. बाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं, मग नळाकडे. धांदलने डोळे मिटून घेतले. वॉर्ड गेलाच म्हणायचा.

मग पाण्याचा आवाज आला.

बाई पुन्हा धूत होत्या. पहिल्यापासून, नखांपासून, पाटीवर अक्षर गिरवावं तशा सावकाश. आत बाळ कुरकुरायला लागलं, तरी त्यांनी घाई केली नाही. त्यांची वाकलेली मान बघून धांदलला एकदम त्यांची माया वाटली. तिने कागद काढून पुढे धरला. बाईंनी एकेक बोट पुसलं. नळ तोवर वाहतच होता, पण धांदलचा जीव या खेपेला वर-खाली झाला नाही. शेवटी बाईंनी त्याच कागदाने नळ बंद केला.

कशालाही न शिवता त्या दाराशी आल्या आणि त्यांनी दोन्ही हात धांदलपुढे धरले.

"बघ गं, राहिलंय का कुठे?"

धांदलने वाकून नीट पाहिलं.

"उलटे करा," ती म्हणाली.

बाईंनी मुकाट्याने हात उलटे केले.