चिमूटभर साखर

रिकामा डबा हातात घेऊन रजनी फाटकापाशी उभी राहिली. शेजारच्या फाटकातून सफूराबी आली. डबा हातात घेताच तिला वजन कळलं. तिने झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं आणि घरात गेली.

रजनीचा नवरा मिलिंद दारात वाट बघत होता. "दिलास?"

"दिला. रिकामा. आईला कळलं तर नाशिकहून येऊन माझे कान उपटेल."

पण करणार काय? मिलिंदची साखर वाढली होती आणि तिच्या मुळाशी हाच स्टीलचा डबा होता. नाशिकपासून लांब, कन्नड मुलखातल्या बोगादीत राहायला आल्यावर पहिल्याच ईदेला सफूराबीने तो पाठवला होता, शीरखुर्मा भरून. "खुशबू जां तक गई, डब्बा वां तक जाना," असं तिला माहेरी शिकवलेलं. शेजारी शाकाहारी, म्हणून ती वेगळं पातेलं ठेवून नेमकं गोडच करायची. इकडे रजनीला शिकवलेलं, की कुणाचं भांडं रिकामं परत करू नये. फिरनी आली की पुरणपोळ्या गेल्या. दुधी हलवा आला की बेसनाचे लाडू गेले. घरात काही नसलं तर रजनी निदान चिमूटभर साखर तरी घालायची. दोन्ही घरचे संस्कार भक्कम, त्यामुळे माघार कोण घेणार?

शेवटी डॉक्टरांनी दम भरला. पुढच्या तपासणीत साखर उतरली नाही, तर इन्सुलिनची सुई. मिलिंद सुईला जाम घाबरायचा. त्या दिवसापासून घरातून साखर हद्दपार झाली. भाताऐवजी नाचणीचे मुद्दे, म्हणजे तिथले उकडीचे गोळे, आले. रात्री नुसतं सूप. गाडीवर कव्हर चढलं आणि मिलिंद पायी ऑफिसला जाऊ लागला. सगळ्यांनी पथ्य पाळलं, डब्याने तेवढं पाळलं नाही. शेजाऱ्यांना सरळ सांगून टाकू, असं रजनी म्हणाली, तर मिलिंदला ते पटेना. चाळिशीतच मधुमेह झाला, याची गावभर दवंडी कशाला पिटायची? त्यापेक्षा एकदा रिकामा डबा जाऊ दे, म्हणजे आपोआप थांबेल. आणि या वेळी डब्यात घालायला घरात चिमूटभर साखरही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजनीने दुधासाठी दार उघडलं, तर पायरीवर गोणी. आत तांदूळ, तूरडाळ, तेल आणि सगळ्यात वर साखरेची मोठी पिशवी. चिठ्ठी नाही, नाव नाही.

मिलिंद गोणीकडे बघत राहिला. मग त्याने झाकलेल्या गाडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या झिजलेल्या बुटांकडे.

"रजनी, रात्री आपण जेवत नाही हे तू सफूराबीला सांगितलं होतंस का?"

"सहज बोलले होते. भिंतीवरून."

"मग झालं तर. त्यांना वाटतंय, आपल्याकडे खायला नाही."

रजनी मटकन पायरीवर बसली. आधी तिला रागच आला. चांगल्या खात्यापित्या घराला असं समजतात म्हणजे काय? मग तिने साखरेच्या पिशवीवर हात ठेवला, आणि तिला रडूच आलं.

दोघं शेजारी गेले. सफूराबीचे यजमान इनायतुल्लासाहेब अगरबत्तीचे व्यापारी. ते ओसरीत पेपर वाचत होते. बाहीला डाळीची धूळ लागलेली.

"साब, वो बोरी आपने रखी?" मिलिंदने विचारलं.

"कौनसी बोरी?" साहेबांनी पेपर आणखी वर धरला. "रखने वाले कू ढूंडना नक्को. सीधे हात से दिए तो उल्टे हात कू बी पता नै चलना."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "साब, मेरे को शुगर है," मिलिंद म्हणाला, आणि त्याने गाडी, नाचणी, सूप, डबा, सगळं सांगून टाकलं.

सफूराबी आतून चहाचा ट्रे घेऊन येत होती. ती तिथेच थांबली आणि नवऱ्याकडे बघू लागली. साहेब जमिनीकडे.

"इनकू बी है," ती म्हणाली. "तुम्हारे आने से पैले का."

रजनीने कपाळावर हात मारला. "तो फिर मेरी पुरणपोळी कौन खाता था?"

"मैंच," साहेब हळूच म्हणाले. "पडोसी कुछ बी भेजे, छोटा समझना नै, ना बोलना नै. अम्मी सिखाए थे."

"इन्शुलिन लेके खाते थे," सफूराबीने पुरवणी जोडली.

मग चौघेही हसत सुटले. इतके हसले की बिनसाखरेचा चहा गार झाला.

गोणी मात्र साहेबांनी शेवटपर्यंत आपली म्हटली नाही. "जिसकी जरूरत, उसकी," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मिलिंदने गाडीचं कव्हर काढलं. साहेबांनी दाखवलेल्या गल्लीत, त्यांनी दाखवलेल्या दाराशी दोघांनी गोणी उतरवली. मिलिंद बेल वाजवणार, तेवढ्यात साहेबांनी त्याचा हात धरून त्याला गाडीकडे वळवलं.

पुढच्या शुक्रवारी फाटकापाशी ओळखीचा स्टीलचा आवाज झाला.  रजनीने जीव मुठीत धरून झाकण उघडलं.

आत हिरवीगार कारली होती.

रजनीला अगदी भरून आलं. तिने डबा घासूनपुसून लख्ख केला, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात काठोकाठ मेथ्या भरल्या.