दादाचं राहिलेलं पॅनल

दादा गेल्यापासून आमच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या त्या पॅनलला मी हात लावला नव्हता. जुन्या लॅपटॉपच्या पडद्याचं ते पॅनल पेटवायला त्याने हाताला लागेल तो इन्व्हर्टर, म्हणजे आतल्या दिव्याच्या ट्यूबला जास्त व्होल्टेज देणारी छोटी पट्टी, जोडला, उघड्या तारेला बोट लागलं आणि झटक्याने स्टुलावरून पडला तो उठलाच नाही. आज वहिनी म्हणाली, “ताई, त्यांचं राहिलेलं काम पुरं करा ना.” मी पॅनलमधल्या ट्यूबची लांबी मोजून तिला झेपणारा इन्व्हर्टर निवडला, तारांचे जोड झाकले. “बारा व्होल्टचे हजार होतात, वहिनी. तारांपासून लांब राहा.” झटका बसलाच तर छातीतून जाऊ नये म्हणून एक हात पाठीमागे धरून बटण दाबलं. पॅनल पांढरंशुभ्र झालं आणि मधोमध अंगठ्याचा ठसा दिसला. वहिनीने रुमालाने पुसला, गेला नाही. तो काचेच्या आतून होता, दादाचा; माझ्याआधी ते पॅनल त्यानेच उघडलं होतं. दुकान बंद करायची वेळ झाली तरी वहिनीचा अंगठा त्यावर टेकलेलाच. “कोमट आहे हो,” ती म्हणाली.