तिसऱ्या खांबाचं दुखणं

शबानानं ब्रेकचं बटण दाबलं आणि दुसऱ्याच क्षणी कळवळून खांदा धरला. नव्या नियमानुसार तिच्या मनगटावर पट्टा होता. त्या पट्ट्यामुळे रोपवेच्या तिसऱ्या खांबाला जे सोसावं लागे, ते प्रोग्राम लिहिणाऱ्या तिलाही सोसावं लागत होतं.

"सर, ट्रॉली अर्ध्या सेकंदात थांबते, पण खांब पार उखडतोय हो!"

ढवळे सर सगळ्या यंत्रणेचे इंजिनिअर. "तीन वर्षं तेच लिहितोय. अहवालाचं एकशेबारावं पान."

शबाना कधी दहाव्या पानापुढे गेली नव्हती. ओशाळून तिनं ब्रेकला चार सेकंद दिले. रिकामी ट्रॉली अलगद थांबली, खांदा मोकळा झाला. उद्या तिच्यात माणसं बसणार होती.

"आता तुमची पाळी," म्हणत तिनं सरांच्या कपाळाला दुसरा पट्टा बांधला. प्रत्येक बदलानं प्रोग्रामवर येणारा ताण आता त्यांना जाणवणार होता.

"त्यात काय! बरं, एक छोटासा बदल होता. बाराऐवजी चौदा ट्रॉल्या..."

तिनं चौदाचा आकडा घातला मात्र, सर डोकं गच्च धरून मटकन खाली बसले.

"दर वेळी असं होतं?"

"तीन वर्षं," शबाना म्हणाली आणि पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला.