करंगळी

दवाखान्यातल्या वजनकाट्यावर चढण्याआधी किराणा दुकानवाल्या काकूंनी चपला, घड्याळ, कानातलंसुद्धा काढून ठेवलं. “वजन पंच्याऐंशीच्या आत आणा, मगच पोटाची लोंबती कातडी काढू,” सर्जनने बजावलं होतं. भर दुकानात एका गिऱ्हाइकाने “काकू, कितवा महिना?” विचारल्यापासून त्यांनी गोडाला हात लावला नव्हता. तरी आकडा शहाऐंशीवरच अडला. काकूंनी शेजारच्या टेबलावर करंगळी टेकवून हळूच जोर दिला. आकडा चौऱ्याऐंशीवर उतरला. “बघ गं, जमवलं की नाही!” त्या नर्सला म्हणाल्या. नर्स त्यांच्याच गल्लीतली, लहानपणापासून त्यांच्याकडून साखर नेणारी. तिने आकड्याकडे पाहिलंच नाही. वाकून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, “काकू, साखर तोलताना तुमची करंगळी पारड्यावर असते, तरी आम्ही कधी बोललो नाही. इथे नको. इथे जीव तुमचा आहे.” काकूंनी करंगळी मुठीत मिटली. आकडा पुन्हा शहाऐंशीवर गेला.